गुरुत्वीय लहरी कुणी पाहिल्या?

अवकाश-काळ ताणत-आक्रसत जाणाऱ्या गुरुत्वीय लहरी टिपण्यासाठीच्या, औंढा नागनाथजवळच्या लायगो-इंडिया प्रकल्पाची बातमी आली की एक प्रश्न हमखास विचारला जातो: या लहरी कुणी पाहिल्यात का? प्रश्न रास्त आहे. डोळ्यांनी कुणीच पाहिलेल्या नाहीत. तरीही त्यांचं निरीक्षण झालंय, आणि ते पक्कं आहे.

१९६९ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ जोसेफ वेबर यांनी अ‍ॅल्युमिनियमच्या अवजड दंडगोलांवर या लहरी टिपल्याचं जाहीर केलं. इतरांनी तसेच दंडगोल उभारले. त्यांच्या हाती काहीच लागलं नाही. वेबर मोठे प्रयोगकर्ते होते. पण इतर कुणाला आढळत नाही त्याला विज्ञान निरीक्षण मानत नाही, आणि हा नियम मला फार मोलाचा वाटतो.

या नियमाला उतरलेला पहिला संकेत १४ सप्टेंबर २०१५ चा, जेमतेम ०.२ सेकंदांचा. अमेरिकेतल्या लायगोच्या दोन यंत्रांपैकी आधी लिव्हिंग्स्टनला आला, सुमारे ७ मिलिसेकंदांनी तीन हजार किलोमीटरवरच्या हॅनफर्डला. यंत्राच्या चार किलोमीटर लांबीच्या भुजांमध्ये पडलेला फरक प्रोटॉनहून शेकडो पटींनी लहान. जमिनीची थरथर, यंत्राचा स्वतःचा गोंगाट, यातून तो वेगळा काढायचा कसा?

इथे पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेतले संजीव धुरंधर यांचं काम येतं. १९९१ मध्ये बी. एस. सत्यप्रकाश यांच्यासह त्यांनी याचं गणित मांडलं. दोन कृष्णविवरं फिरत फिरत जवळ येताना लहर कशी चढत जाईल, याचे साचे आधीच तयार ठेवायचे आणि नोंदींवर एकेक लावून पाहायचा. जत्रेच्या गलबल्यातही आईची हाक पोराला ओळखू येते, तसं.

मग साचा हातात धरून शोधलं तर हवं तेच सापडणार नाही का? शंका खरी आहे. म्हणूनच २०१५ चा पहिला इशारा साच्यांशिवाय चालणाऱ्या शोधपद्धतीनं दिला, ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. साचे नंतर लावले. नुसत्या गोंगाटातून असा संकेत उमटायला दोन लाखांहून जास्त वर्षं वाट पाहावी लागेल, असा हिशेब निघाला.

पुढे १७ ऑगस्ट २०१७ ला दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळल्याच्या लहरी पृथ्वीवर पोचल्या. लहरींपाठोपाठ १.७ सेकंदांनी गॅमा किरण आले. इटलीतल्या व्हर्गो या यंत्रामुळे आकाशात शोधायची जागा आक्रसली, आणि काही तासांत दुर्बिणींना एनजीसी ४९९३ दीर्घिकेत नवा प्रकाशबिंदू सापडला. औंढ्याचं यंत्र अमेरिका आणि युरोप दोन्हींपासून लांब असेल, त्यामुळे पुढच्या टकरींची जागा आणखी नेमकी कळेल. त्यासाठी ते लवकर उभं राहायला हवं.