घड्याळाच्या पाठीवरचे ३० मीटर

बेंगळुरूहून गोकर्णला किंवा गोव्याला निघताना घड्याळाचा विचार सगळ्यात शेवटी होतो आणि तो मागच्या झाकणावरच्या एका आकड्यापाशी संपतो. ३० मीटर कोरलंय, आपण तर कमरेएवढ्या पाण्यात जाणार, मग भीती कसली? हिशेब चुकतो तो इथेच, कारण हा आकडा खोलीचा नव्हे, दाबाचा आहे. नवंकोरं घड्याळ चाचणीत ३ बार, म्हणजे ३० मीटर उंच पाण्याच्या स्तंभाएवढा स्थिर दाब थोडा वेळ सोसतं, इतकंच तो सांगतो. शिवाय आयएसओ २२८१० या मानकानुसार प्रत्येक नग तपासण्याची सक्ती नाही, नमुने तपासले तरी चालतं. पाणबुड्यांच्या घड्याळांसाठीचं आयएसओ ६४२५ मात्र कडक आहे. तिथे एकूण एक घड्याळ तपासावं लागतं आणि किमान क्षमता १०० मीटर लागते. व्यवहारात ३० मीटरचं घड्याळ हात धुण्यापुरतं आणि पावसाच्या सरीपुरतं. समुद्रात पोहायचं असेल तर १०० मीटर बघावं.

यावर ठरलेलं स्पष्टीकरण असं, की पोहताना हात मारल्याने दाब कितीतरी पटींनी वाढतो. ऐकायला पटतं, पण गणितात बसत नाही. सेकंदाला ५ मीटर वेगाने, म्हणजे चांगलाच जोरात, हात फिरवला तरी दाब वाढतो तो जेमतेम सव्वा मीटर पाण्याएवढा. खरा घोळ आहे घड्याळाच्या आतल्या रबरी कड्यांमध्ये. झाकणाखाली आणि चावीच्या दांडीभोवती असलेली ही बारीक कडी घाम, साबण, उष्णता आणि वयामुळे कडक होतात, चिरतात. वाळूत तासभर तापलेलं घड्याळ एकदम गार पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि फट असेल तिथून पाणी ओढून घेते. चावी अर्धवट बाहेर राहिली असेल तर २०० मीटरचा शिक्काही कामाचा नाही. म्हणून पाच वर्षं न उघडलेल्या १०० मीटरच्या घड्याळावर डोळे झाकून विसंबू नये. काचेच्या आत धुकं दिसलं तर घड्याळ तांदळाच्या डब्यात पुरून ठेवू नये, लगेच दुरुस्तीला द्यावं.

महाग घड्याळ म्हणजे दणकट घड्याळ, ही समजूतही अशीच. टायटनचं मुख्यालय बेंगळुरूत आणि मुख्य कारखाना जवळच होसूरला. त्यांनी २००२ मध्ये बाजारात आणलेलं ‘एज’ अवघं साडेतीन मिलिमीटर जाडीचं होतं आणि तरी ३० मीटरच्या चाचणीत टिकणारं. कारागिरी म्हणून हे थक्क करणारं आहे, पण ते लग्नाच्या हॉलसाठी, लाटांसाठी नव्हे. बेंगळुरूतल्याच जालहळ्ळीच्या एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने घड्याळं बनवायला सुरुवात केली. त्यातल्या अनेकांच्या तबकडीवर ‘पॅराशॉक’ लिहिलेलं असतं. ते धक्क्यापासूनच्या संरक्षणाबद्दल आहे, पाण्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. वडिलांची एचएमटी ‘जनता’ घालून समुद्रावर जाणं हौसेचं असेल, शहाणपणाचं नाही. वेळेच्या अचूकतेतही किंमत फसवते. साधं क्वार्ट्झ घड्याळ महिन्याला साधारण १५ सेकंद इकडेतिकडे होतं, तर चांगलं यांत्रिक घड्याळही दिवसाला तेवढं सहज चुकू शकतं.

कोणी म्हणेल, फोन असताना हा खटाटोप कशाला? प्रश्न रास्त आहे, शहरात तर उत्तरच नाही. पण ओल्या हाताने फोन काढायचा, होडीत तो सांभाळायचा, यापेक्षा मनगटाकडे बघणं सोपं. स्मार्टवॉचही चालेल, चार्जर सोबत न्यायची तयारी असेल तर. किनाऱ्यासाठी आणखी एक गोष्ट बघावी ती काच. वाळूतल्या गारेची कठिणता मोहस मापावर ७, नेहमीच्या मिनरल काचेची त्याहून कमी, म्हणून वाळूचा हात फिरला की ओरखडे येतात. सफायरची ९ असल्याने तिला वाळू काही करत नाही, पण खडकावर आपटली तर तीही तडकू शकते. पट्टा रबराचा किंवा नायलॉनचा बरा. चामडं पावसाळ्यातल्या कोडगूलाच कुबट वास मारू लागतं, खाऱ्या पाण्याची गोष्टच नको. समुद्रातून परतल्यावर घड्याळ गोड्या पाण्याने धुवावं, चावी घट्ट बसलेली आहे ना हे आधी पाहून.