ओहोटी पाहून सहल ठरवा!

तापी नदी नंदुरबार जिल्ह्यातून वाहत जाऊन सुरतेजवळ अरबी समुद्राला मिळते. पण जिल्ह्याला स्वतःचा किनारा नाही. तेव्हा समजा, कळसाडीच्या शाळेने समुद्रजीव पाहण्यासाठी मुंबईची सहल ठरवली. रविवार पाहिला, दुपारी बाराला मुले किनाऱ्यावर पोहोचली; आणि त्या दिवशी निघाली पौर्णिमा! समोर नुसते पाणीच पाणी. सहल फुकट गेली.

असे होऊ नये म्हणून कोळी बांधवांचा एक सोपा हिशेब शिकू या. पक्षातील तिथीची पाऊणपट करा. तितक्या वाजता, दिवसा आणि रात्रीही, साधारण पूर्ण भरती असते. त्यानंतर सुमारे सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी.

अष्टमी : ८ × ३/४ = ६. ओहोटी सव्वाबाराला.
पौर्णिमा : १५ × ३/४ = ११।. ओहोटी साडेपाचला.

पाऊणपटच का? चंद्र पृथ्वीभोवती पुढे सरकत असल्याने भरती रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते. म्हणून दर तिथीला अंदाजे पाऊण तास.

मग अष्टमीची दुपार सोयीची नाही का? नाही! अष्टमीला सूर्य आणि चंद्र यांची ओढ एकमेकींशी काटकोनात असते. ही भांगाची भरती. पाणी थोडेच चढते, थोडेच उतरते. पौर्णिमा-अमावास्येला दोघांची ओढ एका रेषेत येते आणि उधाण येते. तेव्हा एरवी पाण्याखाली असलेले खडक उघडे पडतात. शिवाय हिवाळ्यात मुंबईला सायंकाळची ओहोटी सकाळच्या ओहोटीपेक्षा अधिक खोल जाते. म्हणून डिसेंबरातील पौर्णिमा निवडा, चारला किनाऱ्यावर उतरा. उतरत्या पाण्यामागे चालत जा आणि पाणी वळताच परत फिरा. खडकांत रेंगाळलात, तर पाणी मागच्या बाजूने भरून वाट अडवते.

हा हिशेब केवळ अंदाजाचा. नक्की वेळ भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या कोष्टकात शिक्षकांनी पाहून घ्यावी. वाटाड्याही जाणकार हवा. मुंबईत २०१७ पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ची मंडळी अशा किनारफेऱ्या काढतात.

पायांत घट्ट बूट हवेत. खडकांवरची कालवे, डबक्यांतली समुद्रफुले, रिकाम्या शंखात घर करणारा खेकडा, सारे डोळ्यांनी पाहा, वहीत टिपा. हात लावू नका. उचललेला दगड जसा होता तसाच ठेवा. त्याच्या खालच्या अंगाला राहणारे जीव उन्हात मरतात.

आता दिनदर्शिका उघडा. आज तिथी कोणती? सांगा पाहू, मुंबईला भरती किती वाजता?