खिडकीपलीकडचा टाइमपास

एक सोपं गणित करून बघा. घर ते कॉलेज एक तास, परत यायला एक तास. वर्षाला कॉलेजचे 200 दिवस धरा (तुम्ही तेवढे दिवस खरंच जाता असं मानू, हे पान पालकही वाचतात!). डिग्रीची तीन वर्षं. झाले 1,200 तास. रात्रंदिवस मोजले तर पूर्ण 50 दिवस तुम्ही लोकलमध्ये, बसमध्ये नाहीतर रिक्षात काढणार आहात. त्यातले बहुतेक कसे जातात हे वेगळं सांगायला नको. मान खाली, कानात इअरफोन आणि अंगठा वर-खाली.

फोन वाईट असतो वगैरे लेक्चर इथे मिळणार नाही, ते घरी मिळतंच. सांगायचंय एवढंच, की त्याच प्रवासात एक दुसरा टाइमपासही आहे. त्याला रेंज लागत नाही, चार्जिंग लागत नाही आणि पॉकेटमनी संपल्यावरही तो चालू राहतो.

सुरुवात प्लॅटफॉर्मवरूनच करू. मध्य रेल्वेवाल्यांनो, इंडिकेटरवर गाडी ओळखायला एखाद-दुसरं अक्षर असतं, ते रोज बघता ना? ठाण्याचा ‘टी’ आणि कल्याणचा ‘के’ कुणालाही कळतो. पण कसाऱ्याला ‘एन’ आणि कर्जतला ‘एस’ का? स्पेलिंगमध्ये कितीही शोधा, ही अक्षरं सापडणार नाहीत. उत्तर नकाशात आहे. कल्याणच्या पुढे रूळ दोन बाजूंना फुटतात. एक फाटा ईशान्येला कसाऱ्याकडे जातो, म्हणजे नॉर्थ-ईस्ट. दुसरा आग्नेयेला कर्जतकडे, म्हणजे साउथ-ईस्ट. इतकी वर्षं आपण दिशा बघून गाडी पकडत होतो आणि आपल्याला पत्ताच नव्हता!

आता दादरला उतरा. ‘टीटीला भेटू’ असं आपण किती सहज म्हणतो. पण टीटी म्हणजे काय? ट्राम टर्मिनस. मुंबईतली शेवटची ट्राम 31 मार्च 1964 ला धावली. ट्राम गेली, तिचे रूळ गेले, पण साठ वर्षांनंतरही बस कंडक्टर ‘टीटी, टीटी’ म्हणून हाक देतोच. जी गाडी आपण कधी पाहिली नाही, तिच्या स्टॉपवर आपण आजही मित्रांची वाट बघत उभे असतो.

एसटीत बसलात तर कान उघडे ठेवा. कंडक्टरने दोरी ओढली आणि एकदाच टिंग झालं, तर थांबा. टिंग टिंग झालं, तर चला. ड्रायव्हर-कंडक्टरमधलं सगळं संभाषण या दोन शब्दांत. पुणे-नगर मार्गावर पहिली एसटी 1 जून 1948 ला धावली. आज तिकिटाचं मशिन आलं, पासचं कार्ड आलं, पण डबल बेल ऐकल्याशिवाय गाडी हलल्यासारखी वाटत नाही.

ग्रुपने ट्रेकला किंवा ट्रिपला निघालात तर खेळायलाच बरंच काही आहे. रस्त्याने जात असाल तर कडेचे मैलाचे दगड बघा. डोक्यावर पिवळा रंग म्हणजे राष्ट्रीय महामार्ग, हिरवा म्हणजे राज्य महामार्ग, केशरी दिसला की समजा गाडी गावच्या रस्त्याला लागली. मॅप न उघडता आपण कुठल्या रस्त्यावर आहोत ते सांगता येतं. नाहीतर नंबरप्लेटचा खेळ लावा. एमएच 09 कोल्हापूर, 11 सातारा, 12 पुणे, 31 नागपूर. जो आधी ओळखेल त्याला पॉइंट, हरेल त्याच्याकडून वडापाव. हल्ली मधेच ‘बीएच’ची प्लेट येते. 2021 पासूनची ही भारत सीरिज, तिच्यावरून गाडी कुठल्या गावची ते कळत नाही. म्हणून बीएच दिसली की सगळ्यांचे पॉइंट शून्य, असा नियम करून टाका.

रेल्वेने जात असाल तर रुळांच्या बाजूच्या पिवळ्या पाट्यांवर नजर ठेवा. त्यातल्या काहींवर ‘सी/फा’ लिहिलेलं असतं. सी म्हणजे सीटी, फा म्हणजे फाटक. पुढे फाटक आहे, शिट्टी दे, असा मोटरमनला निरोप. पाटी दिसली की मित्रांना बिनधास्त सांगा, ‘आता शिट्टी होणार.’ झाली की तुमची कॉलर टाइट! पुण्याकडे जाणारी गाडी कर्जतला थांबली तर वडापाव घेता घेता मागच्या बाजूला बघा. अनेक गाड्यांना इथे मागून ढकलायला जादा इंजिनं जोडतात. बोरघाटातला चढच तसा आहे, 37 मीटर पुढे गेलं की 1 मीटर वर. 1863 मध्ये हा मार्ग सुरू झाला, तेव्हापासून त्या चढाशी इंजिनांची झटापट चालूच आहे.

एवढं सगळं कशासाठी, असं वाटेल. यावर परीक्षेत प्रश्न येणार नाही, कबूल. पण या गोष्टी जाताना नोटीस देऊन जात नाहीत. तुमच्यातल्या अनेकांनी लहानपणी बेस्टच्या जुन्या डबल डेकरमध्ये वरच्या मजल्यावरच्या पहिल्या सीटसाठी भांडण केलं असेल. तोंडावर येणारा तो भन्नाट वारा 15 सप्टेंबर 2023 ला बंद झाला. लाल एसी डबल डेकर आहेत, छान आहेत, पण काचा बंद. त्यानंतर दीड महिन्यातच पद्मिनी टॅक्सीचा नंबर लागला. शेवटची पद्मिनी 29 ऑक्टोबर 2003 ला टॅक्सी म्हणून नोंदवली गेली होती आणि मुंबईत टॅक्सीला 20 वर्षांची मर्यादा आहे. हिशोब सरळ होता, तारीख आधीपासून ठरलेली होती. तरी आपण सेल्फीसाठी धावलो ते शेवटच्या आठवड्यात. त्याआधी ती रोज सिग्नलला आपल्या शेजारी उभी असायची.

आज आपल्याला बोअर वाटणारं यातलं काय पुढे जाणार, हे आत्ता कुणी सांगू शकत नाही. म्हणून आहे तोवर बघून घ्या. संध्याकाळच्या लेडीज डब्यात मांडीवर पिशवी ठेवून मेथी निवडणारी मावशी, एका हातात कानातल्यांचा अख्खा स्टॉल घेऊन गर्दीतून वाट काढणारी विक्रेती, रोजच्याच गाडीत टाळ घेऊन चढणारी भजनी मंडळी. दसऱ्याला तर लवकरची लोकल पकडाच. रोजचे प्रवासी आपापल्या डब्याला फुलांच्या माळा लावतात, पूजा करतात, प्रसाद वाटतात. ओळख नसली तरी पेढा मिळतो.

फक्त एक गोष्ट. बघणं वेगळं आणि शूट करणं वेगळं. दमून दुसऱ्याच्या खांद्यावर झोप लागलेले काका किंवा दारापाशी उभं राहून पदराने डोळे पुसणारी बाई हा तुमच्या रीलचा कंटेंट नाही. त्यांना कुणी विचारलेलं नसतं. पाटीचा फोटो काढा, मैलाच्या दगडाचा काढा, पण माणसाचा काढायचा तर आधी विचारा. आणि हे सगळं बघायचं ते खिडकीतून किंवा आत उभं राहून. दाराला लटकून बघण्यासारखं मुंबईत काहीही नाही.

मग उद्या सकाळी एवढंच करा. एका स्टेशनपासून पुढच्या स्टेशनपर्यंत फोन खिशात ठेवा. काही वेगळं दिसलं तर वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा, तसंही ते पान लेक्चरमध्ये फुली-गोळा खेळायलाच वापरलं जातं. आणि घरी आजी-आजोबा असतील तर रात्री जेवताना सहज विचारा, ‘तुमच्या वेळी कॉलेजला जाताना वाटेत काय दिसायचं?’ जेवण लांबेल, याची तयारी ठेवा.