मॅक्रो लेन्स घ्यायचीय? आधी गिऱ्हाईक मोजा, मग मिलीमीटर

या आठवड्याच्या व्हिडिओत आपण मॅक्रो लेन्स हातात धरून पाहिली. आज त्याच विषयाचा हिशोब कागदावर मांडू. गोंदिया, तिरोडा, आमगाव, देवरी, अर्जुनी मोरगाव इथे फोटो स्टुडिओ चालवणाऱ्यांचा नेहमीचा प्रश्न असतो: "सर, लग्नाचा सीझन येतोय, मॅक्रो घेऊ का?" उत्तर हो किंवा नाही असं एका शब्दात देता येत नाही. ही लेन्स छान आहे, पण पैसे अडकवणारीसुद्धा आहे.

मॅक्रो म्हणजे नक्की काय?

खरी मॅक्रो लेन्स १:१ प्रमाण देते. म्हणजे वस्तू जेवढी आहे तेवढीच तिची प्रतिमा सेन्सरवर पडते. फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलीमीटरचा असतो, म्हणजे ३६ मिलीमीटर रुंदीची वस्तू पूर्ण फ्रेम भरते. बऱ्याच झूम लेन्सवरही "मॅक्रो" लिहिलेलं असतं, पण त्यातल्या पुष्कळ १:२ किंवा १:४ वरच थांबतात. नाव वाचून भुलू नका, प्रमाण विचारा. आणि निकॉनच्या लेन्सवर "मायक्रो" दिसलं तर गोंधळू नका, ती मॅक्रोच आहे.

तुम्हाला १:१ लागतं का?

इथे पैसे वाचतात. तीन कामं बघू.

१. तांदळाचे नमुने. आपला जिल्हा राईस मिलवाला. क्रॉप सेन्सरवर १:१ ने फोटो काढला तर एका ओळीत लांब दाण्याचे तीनच दाणे मावतील. व्यापाऱ्याला मात्र मूठभर नमुना बघायचा असतो, तुकडा किती, रंग कसा. त्याला मॅक्रो लागतच नाही. काळं कापड, खिडकीचा उजेड आणि साधी लेन्स पुरते.

२. फुलपाखरं. राणी पाकोळी म्हणजे ब्लू मॉर्मन, २०१५ पासून आपल्या राज्याचं फुलपाखरू. तिचा पंखविस्तार १२ ते १५ सेंटिमीटर. पूर्ण पाकोळीला १:४ सुद्धा जवळच पडतं. आणि नवेगाव-नागझिऱ्याच्या सफारीत गाडीतून उतरता येत नाही, त्यामुळे तिथे मॅक्रो बॅगेतच राहील. ती वापरायची जागा म्हणजे परसबाग आणि धानाचे बांध.

३. अंगठी, नथ, मंगळसूत्र. इथे मात्र मॅक्रोच चालते. नथीचा मोती, अंगठीचा खडा, आतलं नाव हे साध्या लेन्सने नीट येत नाही.

मग किती मिलीमीटरची?

५०-६० असो, १०० असो की १८०, खऱ्या मॅक्रोत १:१ सगळ्याच देतात. फरक पडतो तो लेन्सचं तोंड आणि वस्तू यांच्यातल्या अंतराचा. ढोबळमानाने:

- ४० मिमी: ५ सेंटिमीटर
- ६० मिमी: ९-१० सेंटिमीटर
- १०० मिमी: १५ सेंटिमीटर
- १८० मिमी: २४-२५ सेंटिमीटर

डब्यावर लिहिलेलं "किमान फोकस अंतर" सेन्सरपासून मोजलेलं असतं. १०० मिमीवर ३० सेंटिमीटर दिसलं तरी प्रत्यक्षात हातात साधारण निम्मंच उरतं.

पाच सेंटिमीटरवर लेन्सचीच सावली दागिन्यावर पडते. शिवाय सोनं म्हणजे आरसा, त्यात काळी लेन्स दिसते. किडा असेल तर उडूनच जातो. म्हणून स्टुडिओसाठी ९० ते १०५ मिमी हा मधला मार्ग. १८० ची जड आणि महाग, आपल्या कामाला सहसा जास्तच होते.

फोकसचं गणित

फुल फ्रेमवर १:१ ला एफ/८ ठेवलं तरी जेमतेम १ मिलीमीटर भाग स्पष्ट येतो. म्हणून ट्रायपॉड आणि लाईट आधी घ्या. अगदी जवळ गेल्यावर स्टॅबिलायझेशनचा फायदाही कमी होतो, काम टेबलावरच असेल तर त्यासाठी जास्त पैसे मोजू नका.

सेकंडहँड घेत असाल तर आतून टॉर्च मारून बुरशी बघा, आपल्याकडच्या पावसाळ्यात ती लवकर धरते. तसंच निकॉनच्या सुरुवातीच्या श्रेणीतल्या (एंट्री-लेव्हल) बॉडीत फोकस मोटर नसते, जुन्या "डी" लेन्सवर ऑटोफोकस चालणार नाही.

आता वहीत लिहा

समजा लेन्स ४०,००० रुपयांची आहे. दागिन्यांच्या फोटोंचे तुम्हाला एका लग्नामागे ५०० रुपये जास्त मिळतात. मग लेन्सचे पैसे ८० लग्नांनी सुटतील. वर्षाला तुमची २० लग्नं असतील तर चार वर्षं. गावातल्या दोन सराफांचं महिन्याचं कॅटलॉग काम मिळालं तर हेच गणित बदलतं.

म्हणून आधी काम बोला, मग लेन्स घ्या. तोपर्यंत ५० मिमी लेन्सला २५ मिमीची एक्स्टेंशन ट्यूब लावा. साधारण ०.७ पट प्रमाण मिळतं, खर्चही कमी. फक्त दूरचा फोकस जातो.

या आठवड्याचं काम: ट्यूबने किंवा भाड्याच्या लेन्सने दहा दागिन्यांचे फोटो काढा आणि तीन सराफांना दाखवा. एकाने जरी "दर महिन्याला या" म्हटलं, तर लेन्स बिनधास्त घ्या. तिघेही नुसते "छान आहे" म्हणाले, तर पैसे बँकेत राहू द्या.