मागेल त्याला काम

महाराष्ट्राच्या शहरांतून नोकरी करणाऱ्या बहुतेक गृहस्थांच्या वेतनपत्रकात एक लहानशी रक्कम दरमहा वजा झालेली असते. तिच्यापुढे ‘व्यवसाय कर’ असे दोनच शब्द असतात. दरमहा २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, वर्षाकाठी २५००. याहून अधिक नाही, कारण राज्यघटनेनेच तेथे कुंपण घातले आहे. कापल्या गेलेल्या पैशाविषयी कुरकुर करणारे पुष्कळ आढळतात. परंतु तो पैसा मुळात कोणासाठी मागितला गेला, हे ठाऊक असणारे थोडेच. १९७५ साली हा कर बसविण्यात आला तो खेड्यातील रिकाम्या हाताला काम देता यावे म्हणून. नागरी उत्पन्नातून ग्रामीण मजुरी द्यावयाची आणि करांतून जितके जमेल तितकेच सरकारने आपल्या तिजोरीतून घालावयाचे, अशी ती योजना होती. तिचेच नाव रोजगार हमी योजना.

जिरायती शेतीचा संसार ज्यांनी जवळून पाहिला आहे त्यांना या योजनेचे मर्म सांगावे लागणार नाही. सुगी उरकली, कणगीत जे यावयाचे ते आले, की होळीपासून मृगापर्यंत शेतात काम म्हणून नसते. पोट मात्र बारमाही असते. दोन-तीन एकरांचा धनी अशा वेळी शेतकरी राहत नाही, मजूर होतो. आणि गावात मजुरी नसली म्हणजे बायकामुलांसह गाव सोडतो. एखादे वर्ष पाऊस फिरला तर हेच दिवस वर्षभर लांबतात.

दुष्काळात कामे काढण्याची रीत इंग्रजी अमलातही होती. १८७६-७७ च्या दुष्काळात मुंबई इलाख्यात तलाव-रस्त्यांवर हजारो माणसे लागली होती. सर रिचर्ड टेंपल यांच्या काटकसरीच्या धोरणाने त्यांच्या वाट्याचे रोजचे धान्य एक पौंडापर्यंत खाली आणले, तेव्हा उपाशी मजुरांनी कामावरून उठून जाणे पत्करले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली होती. हा इतिहास येथे आठवण्याचे कारण एवढेच की, त्या कामांना सरकारची दया म्हटले जात असे. आणि दयेचे माप कमी करण्याचा अधिकार दया करणाऱ्याकडेच राहतो.

हे उलटे करण्याची कल्पना सांगली जिल्ह्यातून आली. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यातील विसापूर येथे एक प्रयोग आरंभिला. गावात काम करावयास तयार असलेल्या प्रत्येक धडधाकट माणसाला गावाजवळच, गावाच्या उपयोगाचे काम मिळाले पाहिजे, एवढेच त्याचे सूत्र होते. ऐकण्यास हे साधे वाटते. परंतु ‘सरकारला सोयीचे असेल तेव्हा’ हे शब्द त्यातून गळाले होते, आणि सारा फरक त्या गळालेल्या शब्दांत आहे. १९७२ मध्ये राज्याने ही कल्पना उचलली, तोच मोठा दुष्काळ कोसळला. मे १९७३ च्या सुमारास दुष्काळी कामांवर सुमारे ५० लक्ष माणसे होती. खडी फोडणाऱ्या बाया, डोक्यावर घमेली घेतलेली पोरे, मुलांसाठी वाटली जाणारी सुकडी आणि परदेशातून आलेला तांबडा मिलो यांची आठवण मराठवाड्यातील व सोलापूर-नगरकडील जुन्या पिढीने आपल्या नातवंडांनाही सांगितली आहे. त्या अनुभवानेच पुढे कायद्याचे रूप घेतले. महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम १९७७ साली संमत झाला व २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला.

या कायद्याची रचना समजून घेण्याजोगी आहे. ग्रामीण भागातील कोणाही प्रौढ स्त्री-पुरुषाने काम मागितले की पंधरा दिवसांच्या आत ते मिळावयास हवे. न मिळाल्यास बेकारभत्ता द्यावयास हवा. अर्जदाराला त्याचे दारिद्र्य सिद्ध करण्यास सांगितले जात नाही. कारण उघड आहे. भर उन्हात टिकाव चालविण्यास आणि किमान मजुरी घेऊन घरी जाण्यास सुखवस्तू मनुष्य येतच नाही. गरजवंत कोण हे ठरविण्यासाठी तलाठ्याच्या दाखल्यापेक्षा हा चाळणा अधिक चोख ठरला. कामांमध्ये ठेकेदार नको, यंत्रांवर खर्च थोडा, मजुरीवर अधिक, असाही दंडक होता. पाझर तलाव, नालाबंडिंग, बांधबंदिस्ती, गावरस्ते ही कामे त्यांतूनच झाली. मजुरी दिवसावर नव्हे तर खणलेल्या मातीच्या मापावर ठरे. आणि माप स्त्रीचे असो वा पुरुषाचे, दर एकच असे. शेतमजुरीत बाईला पुरुषाहून कमी देण्याची रीत जेथे पिढ्यान्पिढ्या मुरली होती, तेथे ही गोष्ट सामान्य नव्हती. अनेक कामांवर स्त्रियांची संख्या निम्म्याच्या आसपास असे, यात नवल नाही.

उणिवाही होत्या, आणि त्या झाकण्यात अर्थ नाही. हजेरीपटावर खोटी नावे चढत, माप कमी भरल्याच्या सबबीवर मजुरी कापली जाई, हप्ता लांबे. खरी कसोटी लागली ती १९८८ मध्ये. त्या वर्षी किमान मजुरी जवळजवळ दुप्पट झाली. दर वाढला म्हणजे मजूर अधिक यावयास हवेत. हजेरी मात्र घटली. अर्थशास्त्रज्ञांनी या आकड्यांचा पाठपुरावा केला तेव्हा असे दिसले की, कामाची मागणी घटली नव्हती, कामे उघडण्याचा हात आखडला होता. कायदा शाबूत राहिला. हमी मात्र पातळ झाली. इकडे शहरातला कर वेळच्या वेळी कापला जातच होता.

१९९० पासून योजनेला एक नवे वळण मिळाले. लहान शेतकऱ्याने स्वतःच्या रानात आंबा, काजू लावावा, आणि खड्डे खणण्यापासून झाडे जगविण्यापर्यंतची मजुरी त्याला रोजगार हमीतून मिळावी, अशी फळबाग योजना निघाली. पैसा एकदम हाती न देता टप्प्याटप्प्याने, झाडे जगतील तसतसा द्यावयाचा होता. कोकणातील कातळउतारांवर आज दिसणाऱ्या कित्येक काजूबागांचे मूळ या खड्ड्यांत आहे. पुढे २००५ च्या केंद्रीय कायद्याने महाराष्ट्राची ही कल्पना देशभर नेली व प्रत्येक ग्रामीण कुटुंबास वर्षाला १०० दिवसांची हमी दिली. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्याच्या जागी दुसरा कायदा संमत केला. त्यात दिवस १२५ झाले. परंतु पेरणी-कापणीच्या हंगामात ६० दिवसांपर्यंत कामे थांबविण्याची तरतूदही आली.

कामाच्या जोडीला रोख साहाय्याचा मार्गही निघाला आहे. पंतप्रधान किसान सन्मान निधीतून २०१९ पासून शेतकरी कुटुंबास वर्षाला ६००० रुपये तीन हप्त्यांत मिळू लागले; २०२३ मध्ये राज्याने तितकीच भर घातली. पैसा थेट खात्यात येतो, मुकादमाचा हात मध्ये नसतो, हा त्याचा गुण. परंतु त्याचे दार उघडते सातबाऱ्याने. ज्याच्या नावे जमीन नाही, जो दुसऱ्याची जमीन खंडाने वा वाट्याने करतो, तो उंबऱ्याबाहेरच राहतो.

आणि ज्याचे शेत समुद्र आहे त्याचे काय? दर वर्षी १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत, म्हणजे ६१ दिवस, पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. ती योग्यच आहे. मासळीच्या विणीचा तो काळ, शिवाय दर्याही खवळलेला. परंतु किनाऱ्यावर होड्या ओढून ठेवल्या गेल्या की खलाशाची मिळकतही थांबते. गंमत अशी की, रोजगार हमीची मातीकामेही नेमकी पावसाळ्यातच मंदावतात. जिरायती शेतकऱ्याची रिकामी वेळ उन्हाळ्यात येते, कोळ्याची पावसात. योजना मात्र पहिल्याच्या पंचांगाप्रमाणे आखली गेली. शासन डिझेलवरील कराचा परतावा देते, पण तो होडीच्या मालकाला, जाळे ओढणाऱ्या खलाशाला नव्हे. बोंबील वाळविणाऱ्या व पाटी घेऊन बाजारात बसणाऱ्या कोळणीचा तर त्याच्याशी संबंधच येत नाही.

केंद्राच्या मत्स्यसंपदा योजनेत या बंदीच्या दिवसांसाठी एक तरतूद आहे. मच्छीमाराने वर्षभरात १५०० रुपये साठवावयाचे, सरकारने त्यात ३००० घालावयाचे, आणि तीन महिने दरमहा १५०० याप्रमाणे ते परत द्यावयाचे. म्हणजे सरकारचे दरमहा हजार रुपये, तेही ज्याने आधी स्वतःचे बाजूला टाकले असतील त्यालाच. केंद्रीय रोजगार हमीच्या कामांच्या यादीत मासळी सुकविण्याचे ओटे बांधण्याचे काम होते, ही कमी लक्षात आलेली गोष्ट आहे. असे ओटे पावसाच्या आधी, एप्रिल-मे महिन्यांत, कोळीवाड्यातील माणसांनीच बांधले तर त्यांची मजुरी बंदीच्या दिवसांत पुरवून खाता येईल. आणि सुकी मासळी वाळूऐवजी ओट्यावर सुकली तर तिला भावही बरा येईल. खारबंदिस्तीची कामेही त्याच महिन्यांतली. ती फुटली म्हणजे भाताच्या शेतात खारे पाणी शिरते, आणि कोकणात भात लावणारे व खाडीत जाळे टाकणारे कुटुंब पुष्कळदा एकच असते.

एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. त्याने विजेचे दर, कर्ज, विमा यांत मत्स्यव्यावसायिकाला शेतकऱ्याच्या पंक्तीत बसण्याची वाट मोकळी झाली. होडी नसलेल्या खलाशाला मात्र जून-जुलैत पूर्वीप्रमाणेच मालकाकडून उचल घ्यावी लागते, आणि नारळी पौर्णिमेला नारळ पाण्यात पडल्यानंतरच्या पहिल्या फेऱ्या ती फेडण्यातच जातात.