मावळत्या सूर्याचें छायाचित्र : तें फसतें कां व सुधारावें कसें

घरांतल्या बहुतेक सर्व कर्त्या माणसांच्या हातांत आज मोबाइल असतो व मोबाइलमध्यें कॅमेरा असतो. त्यामुळें छायाचित्रांची चणचण संपली; पण पुनःपुन्हां पाहावींशीं वाटणारीं छायाचित्रें त्या मानानें वाढलीं, असें कांहीं म्हणवत नाहीं. सूर्यास्ताच्या बाबतींत तर हा अनुभव फारच येतो. समुद्रकांठीं चार दिवस राहून आलेलें कुटुंब पन्नास-साठ सूर्यास्त बरोबर घेऊन येतें, आणि आठ दिवसांनीं त्यांतला एकहि कोणी उघडून पाहत नाहीं. जें दृश्य पाहतांना सारी मंडळी बोलावयाची थांबली होती, तेंच चित्रांत उतरल्यावर इतकें निर्जीव कां व्हावें, याचा विचार आम्ही या लेखांत करणार आहों.

पहिलें कारण असें कीं, आपला डोळा व कॅमेरा यांची पाहण्याची रीत निराळी आहे. डोळा आकाशाकडे वळला म्हणजे बाहुली आकुंचन पावते, वाळूकडे वळला म्हणजे विस्तारते, आणि या दोहोंचें मिळून एक चित्र मन तयार करतें. कॅमेऱ्यास एका क्षणीं एकच माप धरावें लागतें. आकाशाचें माप धरलें तर समोरचीं माणसें काळीं ठिक्कर पडतात. माणसांचें धरलें तर आकाश पांढरें फटक होतें. ही अडचण छायाचित्रणकलेइतकीच जुनी आहे. फ्रान्समधील गुस्ताव्ह ल ग्रे यानें १८५६-५७ च्या सुमारास समुद्राचीं जीं प्रख्यात छायाचित्रें काढलीं, त्यांपैकीं कांहींत आकाशासाठीं एक कांच व समुद्रासाठीं दुसरी कांच वापरली होती, आणि क्षितिजाच्या रेषेवर सांधा जुळवून दोहोंचा ठसा एकाच कागदावर घेतला होता. आजचे चांगले मोबाइल एका दाबासरशीं कमीअधिक प्रकाशाचीं अनेक चित्रें टिपून तीं एकत्र करतात. युक्ति तीच, साधन मात्र नवें.

दुसरें कारण सूर्याचा आकार. क्षितिजाजवळचा सूर्य आपणांस थाळीएवढा वाटतो; पण तो मनाचा खेळ आहे. वस्तुतः त्याचें बिंब अवघें अर्धा अंश व्यासाचें असतें. हात लांब करून धरलेल्या करंगळीच्या नखाआड तें सहज लपेल. मोबाइलच्या नेहमींच्या भिंगांतून चित्राच्या रुंदीचा शंभरावा हिस्साहि त्याच्या वांट्यास येत नाहीं. म्हणून केवळ सूर्य मध्यें धरून काढलेलें चित्र म्हणजे मोठ्या ताटांत वाढलेलें भाताचें एक शीत !

यावरून रचनेचें पहिलें सूत्र निघतें. सूर्यास्ताच्या चित्राचा विषय सूर्य नव्हे. तो ज्यावर प्रकाश टाकतो किंवा ज्याच्या मागें मावळतो, तें होय. कळ दाबण्यापूर्वीं 'हें चित्र कशाचें आहे ?' एवढा एक प्रश्न स्वतःस विचारावा. त्याचें उत्तर एका शब्दांत देतां आलें नाहीं, तर चित्राची जागा अजून ठरावयाची आहे असें समजावें.

उदाहरणादाखल मुंबईचा मरीन ड्राइव्ह घेऊं. तेथील रस्त्याच्या मध्यावर उभें राहून पाहिलें, तर डिसेंबरांत सूर्य पश्चिमेच्या सुमारें २५ अंश दक्षिणेस, म्हणजे डावीकडे, उघड्या समुद्रांत बुडतो. मे-जूनमध्यें तो जवळजवळ तितकाच उत्तरेस सरकून मलबार हिलच्या आड जातो. एकाच जागेवरून हिंवाळ्यांत पाण्यावरची सोनेरी वाट मिळेल, तर उन्हाळ्यांत टेकडीची व इमारतींची काळी किनार मिळेल. तेव्हां कोठें उभें राहावें हें ऋतु पाहून ठरवावें.

जागा ठरली म्हणजे क्षितिजाचा प्रश्न येतो. इंग्लंडमधील जॉन टॉमस स्मिथ यानें १७९७ सालीं प्रसिद्ध केलेल्या पुस्तकांत 'तृतीयांशाचा नियम' सांगितला आहे. त्याचा मथितार्थ असा कीं, जमीन व आकाश यांची निम्मी-निम्मी वांटणी करूं नये. एकास दोन हिस्से व दुसऱ्यास एक द्यावा. ढगांची शोभा असेल त्या दिवशीं दोन हिस्से आकाशास द्यावे. ओहोटीच्या वेळीं ओल्या वाळूंत रंग उतरले असतील, तर वाळूस द्यावे. सूर्य एका बाजूस ठेवावा व दुसऱ्या बाजूस त्यास तोलणारी एखादी आकृति असावी. कठड्यावर बसलेलीं माणसें हवीं असतील, तर तीं एकमेकांना झांकणार नाहींत अशी जागा पाहावी. काळ्या आकृतींत समोरून घेतलेला चेहरा ओळखूं येत नाहीं; बाजूनें घेतल्यास नाक, हनुवटी, अंबाडा, सारें स्पष्ट उमटतें. कॅमेरा थोडा खालीं धरला म्हणजे डोकीं क्षितिजाच्या वर येतात व रेषा मानेंतून जात नाहीं.

आतां आमच्या मतें सर्वांत महत्त्वाची गोष्ट. घरोघर रीत अशी कीं, वडील माणसांना सूर्याकडे पाठ करून उभें करावयाचें व 'हंसा' म्हणावयाचें. चित्रांत सूर्य येतो आणि आजी मात्र नुसती सांवली होऊन उभी राहते. दहा वर्षांनीं घरांतलें एखादें मूल विचारील, 'ही कोण ?' आणि उत्तर देणारें माणूस तेव्हां घरांत असेलच असें नाहीं. सूर्य उद्यांहि मावळणार आहे. आजी त्या कठड्यापाशीं रोज येणार नाहीं. अशा वेळीं सूर्यास चित्राबाहेर ठेवण्याचें धैर्य दाखवावें. सूर्यास्तापूर्वीं पंधरा-वीस मिनिटें चित्र काढणारानें समुद्राकडे पाठ करावी, आजीस किंचित् तिरकें बसवावें, आणि तो मऊ, पिंवळसर प्रकाश तिच्या चेहऱ्यावर पडूं द्यावा. तिच्या सुरकुत्यांवरून उतरणारें तें ऊन हाच त्या चित्रांतला सूर्यास्त. तो कोणास शब्दांनीं सांगावा लागत नाहीं.

आणखी एक सूचना. बिंब क्षितिजास टेकल्यापासून पूर्ण बुडेपर्यंत आपल्याकडे दोन ते अडीच मिनिटें लागतात, आणि तें बुडालें कीं मंडळी पादत्राणें शोधूं लागते. वास्तविक पुढचीं वीस मिनिटें फार मोलाचीं असतात. तेव्हां आकाशाचा उजेड व रस्त्यावरच्या दिव्यांचा उजेड हळूहळू समतोल होतात, आणि ज्या वळणास लोक 'राणीचा हार' म्हणतात, तें वळण डोळ्यास होतें तसेंच चित्रांतहि उतरतें.

कळ दाबतांना पडद्यावरील तेजस्वी आकाशावर बोट ठेवून उजेड थोडा कमी करावा. जो भाग एकदां पांढरा पडला, त्यांत मागाहून कांहींच भरतां येत नाहीं. अंधारांत गेलेला भाग मात्र पुष्कळसा वर काढतां येतो. दुर्बिणीच्या भिंगांतून सूर्याकडे मुळींच पाहूं नये; डोळ्यास कायमची इजा होते.

घरीं आल्यावरचे संस्कार क्रमानें करावे. प्रथम मूळ चित्राची प्रत निराळी ठेवावी. मग क्षितिज सरळ करावें. समुद्र एका बाजूस कललेला दिसला कीं बाकीची शोभा व्यर्थ होते. त्यानंतर कांठ कापावे : अर्धवट शिरलेला हात, विजेचा खांब, परक्याची पाठ. हें कापणें सर्वांत स्वस्त व सर्वांत गुणकारी. पुढें 'हायलाइट्स' थोडे उतरवून ढगांचे थर मोकळे करावे आणि 'शॅडोज' थोडे चढवून काळोखांतली माणसें वर आणावीं. फार चढवल्यास रवाळ कण दिसूं लागतात. कॅमेरा पुष्कळदां संध्याकाळचा पिंवळेपणा हा दोष समजून पुसून टाकतो. तो 'व्हाइट बॅलन्स' नें परत आणावा. रंगांचा गडदपणा शेवटीं व चिमटीनें, जेवणांत मीठ घालावें तसा, वाढवावा. किती पुरे, याची एकत्र कुटुंबांत सोपी कसोटी आहे. त्या संध्याकाळीं बरोबर असलेल्या एखाद्या माणसास चित्र दाखवावें. 'अगदीं असेंच होतें' असा उद्गार निघाला कीं हात आंवरावा. 'वा, काय रंग आहेत !' असें ऐकूं आलें, तर एक पायरी मागें यावें.

आतां एका बोटासरशीं आकाश बदलून दुसरीकडचे ढग आणून बसवितां येतात. विनोदाकरितां तें कोणीं केलें तर आमची तक्रार नाहीं. पण घरच्या संग्रहांत तें चित्र ठेवूं नये. पुष्कळ घराण्यांनीं आपले कुलवृत्तांत नांवानिशीं, पिढ्यांनिशीं पारखून छापले. घरचा चित्रसंग्रह हा त्याच वृत्तांताचा आजचा भाग आहे. डोळ्यांनीं पाहिलेलें परत मिळवावें, तेथें संस्काराची मर्यादा संपते. न पाहिलेलें आणून घातलें कीं नातवंडांस आपण खोटी साक्ष देतों.

तेव्हां पुढच्या सहलीनंतर पन्नासांतून तीन चित्रें निवडावीं, त्यांवर संस्कार करावे, एक तरी कागदावर छापून घ्यावें, आणि त्याच्या पाठीवर स्थळ, दिनांक व प्रत्येकाचें पूर्ण नांव लिहावें. बाकीचीं सत्तेचाळीस पुसून टाकण्यास आमची अनुमति आहे !