शिंगाचा कर्करोग आणि टेलोमरेज

परभणी जिल्ह्यातील शेतकऱ्यास बैलाच्या शिंगाचा कर्करोग अपरिचित नाही. बैल वारंवार डोके झटकतो, शिंग खांबास घासतो, एका नाकपुडीतून रक्तमिश्रित स्राव येऊ लागतो. पुढे शिंग एका अंगास कलते व सैल होऊन गळून पडते. शिंगाच्या गाभ्यातील पोकळीच्या अस्तरपेशींतून हा रोग उद्भवतो. पाच ते दहा वर्षांच्या, म्हणजे ऐन कामाच्या वयातील खच्ची केलेल्या बैलांत तो विशेष आढळतो. गायींत कमी व वळूंत क्वचितच. जुवाचे व दोरांचे घर्षण, पोळ्याच्या सणास शिंगे साळून त्यांना रंग लावणे, संप्रेरकांचा अभाव अशी निरनिराळी कारणे सुचविली गेली. निर्विवाद असे त्यांपैकी एकही ठरलेले नाही. पेशी अनिर्बंध वाढू लागल्यावर तिला ती वाढ टिकविता कशी येते, हा प्रश्न मात्र याहून निराळा आहे, आणि टेलोमरेजचा संबंध येतो तो येथे.

गुणसूत्राच्या प्रत्येक टोकाशी टी-टी-ए-जी-जी-जी या क्रमाची असंख्य आवर्तने असतात. या टोकास टेलोमियर म्हणतात. विभाजनाच्या वेळी डीएनएची नक्कल अगदी टोकापर्यंत पुरी होत नसल्याने टेलोमियर दर खेपेस किंचित आखूड होते, व ते फार आखूड झाले की विभाजन थांबते. ही झीज भरून काढणारे विकर एलिझाबेथ ब्लॅकबर्न व कॅरॉल ग्रायडर यांना १९८४ साली टेट्राहायमेना या एकपेशीय जीवात सापडले. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत मानवी अर्बुदांच्या १०१ नमुन्यांपैकी ९० मध्ये ते क्रियाशील आढळले. निरोगी देहपेशींच्या ५० नमुन्यांपैकी एकातही आढळले नाही. तेव्हा टेलोमरेज म्हणजे कर्करोगाचे इंधन, असे समीकरण मांडणे सोपे होते.

उंदरांवरील प्रयोगांनी हे समीकरण अपुरे ठरविले. टेलोमरेजच्या आरएनएचे जनुक काढून टाकलेले उंदीर १९९७ साली तयार झाले. त्यांच्या पहिल्या पिढ्या जवळजवळ निरोगी निपजल्या. सहाव्या पिढीच्या सुमारास टेलोमियर झिजून वंध्यत्व आले. अशा उत्तर पिढ्यांत काही प्रकारची अर्बुदे खरोखरच कमी झाली. परंतु दुखावलेल्या पेशीस आवर घालणारे पी-५३ जनुकही जेथे दुबळे केले होते, तेथे २००० साली नेमके उलट दिसून आले. उघडी पडलेली गुणसूत्रांची टोके एकमेकांस चिकटून तुटू लागली, आणि उंदरांत एरवी विरळ असणारे, स्तन, त्वचा व आतडे यांच्या अस्तरपेशींचे कर्करोग त्यांत उद्भवले. उतारवयातील माणसास बहुधा याच जातीचे कर्करोग होतात. म्हणजे टेलोमरेजचा अभाव प्रारंभी रोगास अडवितो. मात्र पहारा ढळला असेल तर तोच अभाव गुणसूत्रांची मोडतोड घडवून रोगाचा पाया घालतो, व पुढे पुन्हा जागे झालेले टेलोमरेज त्या मोडक्या पेशीस चिरायू करते.

मात्र उंदीर हा या बाबतीत माणसाचा फारसा विश्वासू प्रतिनिधी नव्हे. त्याचे टेलोमियर माणसाच्या टेलोमियरच्या कितीतरी पट लांब असते, व त्याच्या अनेक ऊतींत टेलोमरेज जन्मभर जागे असते. कृंतक प्राण्यांच्या २००७ सालच्या एका तुलनेत असे आढळले, की देह जितका थोर तितके देहपेशींतील टेलोमरेज दबलेले. बीव्हर व कॅपिबारा यांच्यात ते उंदराहून पुष्कळच कमी असते. मोठ्या देहात पेशी अधिक, म्हणून बिघाडाची संधीही अधिक, असा त्याचा अर्थ लावला जातो. गोवंशाच्या संवर्धित त्वचापेशींतही टेलोमरेज अत्यल्प असून टेलोमियर झिजत जाते. काही शे किलो वजनाचा लाल कंधारी वा देवणी बैल या दृष्टीने उंदरापेक्षा माणसास जवळचा ठरतो. शिवाय त्याचा रोग प्रयोगशाळेत लादलेला नसून शेतात काम करताना आपोआप झालेला असतो.

परभणीस १९७२ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे. अशा ठिकाणी उपचारार्थ छाटलेले शिंग हे अभ्यासाचे उत्तम साहित्य होऊ शकते. पण त्याची हाताळणी नाजूक आहे. टेलोमरेजचा एक घटक आरएनए असल्याने ते लवकर नष्ट होते. फॉर्मलिनमध्ये ठेवलेल्या तुकड्यात सूक्ष्मदर्शकाखाली पेशी दिसतील, विकराची क्रिया मोजता येणार नाही. जिंतूर वा गंगाखेडच्या एखाद्या खेड्यात शस्त्रक्रिया झाली, तर द्रवरूप नायट्रोजनचे पात्र तेथेच न्यावे लागेल. दुसरी अडचण अधिक फसवी आहे. अशा शिंगात बहुधा पू असतो, आणि पुवाबरोबर लसिकापेशी येतात. उत्तेजित लसिकापेशींत टेलोमरेज मुळातच क्रियाशील असते. नुसता तुकडा वाटून मापन केले, तर दाहालाच कर्करोग समजण्याचा धोका उरतो. तुलनेसाठी दुसऱ्या जनावराकडे जाण्याचे मात्र सहसा कारण नाही. रोग बहुधा एकाच शिंगास होतो, व त्याच वयाचे, तेच जू वाहिलेले आणि त्याच पोळ्यांना रंगविलेले दुसरे शिंग त्याच कपाळावर शाबूत असते. त्याचे अस्तर मिळवायचे, तर शिंग न छाटता बारीक छिद्रातून सुईने पेशी घेण्याची रीत आधी बसवावी लागेल, आणि तीही बैलाच्या धन्यास पटेल अशी.